कोरडी मान

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. त्यांना बहीणच नव्हती, तर भाचा कुठून येणार? पण रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या त्या टोळीत जो येई तो त्यांना मामाच म्हणे. रोलरवाला म्हणे, खडी पसरणारे म्हणत, वयानं मोठा असलेला ठेकेदारसुद्धा म्हणे. पुढे लेकीचं लग्न झालं तेव्हा जावईही मामाच म्हणू लागला. त्याचा तर तो हक्कच होता. मामा त्या टोळीचे मुकादम. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खाली उकळतं डांबर आणि वर तापलेलं आभाळ यांच्या मधोमध काढली होती. त्याचा त्यांना एवढा अभिमान होता की ऐकणाऱ्याला वाटावं, ऊन या माणसानंच शोधून काढलं आणि मग बाकीच्यांना वापरायला दिलं.

उन्हानं मात्र त्यांच्याशी तेवढा जिव्हाळा ठेवला नव्हता. मानेची कातडी जाड होऊन तिला भेगा पडल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पडदा चढत होता. नाकाच्या शेंड्यावर एक बारीक जखम होती, ती भरायचं नाव घेत नव्हती. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. कुणी विचारलंच तर मामा म्हणत, "नाक वर करून चालतो ना, उन्हाला तेच पहिलं सापडतं." टोळी हसायची. मामांच्या विनोदाला हसायचं हा टोळीचा पहिला नियम होता, आणि मामा खरोखरच विनोदी होते. अशा माणसाचा धोका हाच असतो. त्याचं चुकतंय हे हसता हसता कुणाच्या ध्यानातच येत नाही.

दुसरा नियम होता पक्क्याचा.

टोळीत नवीन आलेला माणूस म्हणजे कच्चा. कच्च्याला घामाच्या धारा लागतात, कच्चा सारखा पाण्याकडे धावतो, कुठे झाड दिसलं की त्याची पावलं आपोआप तिकडे वळतात. मामांचं म्हणणं असं की माणूस विटेसारखा असतो, भट्टीत घातल्याशिवाय त्याचा भरवसा नाही. मग कधीतरी एखाद्या भाजून काढणाऱ्या दुपारी त्या नव्या माणसाचा घाम थांबायचा. सदरा अंगावरच वाळायचा, पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटायचे. मामांचं लक्ष असायचंच. ते हळूच मागून जायचे, त्याच्या मानेवरून तळहात फिरवायचे आणि तो तळहात उंच धरून सगळ्यांना दाखवायचे. कोरडा! "पक्का झाला रे!" की फावडी खाली पडायची, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, आणि त्या दिवशी मामांच्या डब्यातला पहिला घास त्याला मिळायचा.

त्या संध्याकाळी बहुतेकांना ताप भरायचा, उलट्या व्हायच्या. मामांनी त्याचंही बारसं करून ठेवलं होतं: भट्टीचा ताप. भट्टीतून काढलेली वीट निवायला वेळ लागतोच की, म्हणायचे. एक-दोघं त्या तापातून उठून कामावर परत आलेच नाहीत. एकाच्या घरून निरोप आला की तो आता येणार नाही, कधीच येणार नाही. मामा हळहळले, त्याच्या घरी जाऊन बसले, आणि परत आल्यावर टोळीला म्हणाले, "वीटच भुसभुशीत होती."

हे सगळं त्यांच्या पदरचं नव्हतं. ते स्वतः मिसरूड न फुटलेल्या वयात टोळीत आले, तेव्हा त्यांच्या मुकादमानं त्यांच्या मानेवरून असाच हात फिरवला होता. टाळ्या वाजल्या होत्या. आईबापांविना वाढलेल्या त्या पोराला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शाबास म्हटलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ते बरळत पडले होते, हे मामा सांगत नसत. टाळ्यांचं मात्र सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलत असे.

मोठ्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा कंपनीनं कामगारांच्या सुरक्षेसाठी एक बाई नेमल्या. वयानं मामांच्या लेकीएवढ्या. मागे मानेवर कापड लोंबणाऱ्या टोप्यांचा गठ्ठा घेऊनच आल्या, म्हणून टोळीनं त्यांचं नाव टोपीवाल्या बाई ठेवलं. बाईंनी रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीचा मांडव घातला, त्याखाली पाण्याची पिंपं आणि बर्फाची पेटी ठेवली, एका पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवलं आणि खांबाला एक घंटा टांगली. घंटा वाजली की हातातलं टाकून सावलीत यायचं, तहान असो वा नसो पाणी प्यायचं. नव्या माणसाला पहिले काही दिवस अर्धंच काम, मग हळूहळू वाढवायचं.

पहिली टोपी बाईंनी मानानं मामांच्या हातात दिली. मामांनी ती उलटसुलट करून बघितली. "बाई, ठेकेदार इतकी वर्षं आम्हाला टोप्या घालतोच आहे. आता कंपनीनंही घालायची?"

टोळी लोळायची तेवढी राहिली. बाईही हसल्या बिचाऱ्या. टोपी रोलरच्या दांड्याला अडकली आणि तिथेच राहिली. मामांनी घातली नाही म्हटल्यावर बाकीच्यांच्याही टोप्या घरी पोरांना खेळायला गेल्या.

घंटेचं तेच. ती वाजली की टोळी आधी मामांकडे बघायची. मामांनी मान हलवली तर जायची. पण बहुतेक वेळा मामा हात हलवायचे, माशी हाकलावी तसा, आणि काम चालू राहायचं. बाई तावातावानं यायच्या. "मामा, हा नियम आहे."

"आहे ना? मग असू द्या की. आम्ही कुठे मोडतोय? नुसता पाळत नाही."

हाही विनोद टोळीत पुष्कळ दिवस चालला.

मामांचा जावई या दुनियेतला नव्हता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बाजारात एका जिन्याखाली त्याचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून, दिव्याच्या एवढ्याशा उजेडात तो दिवसभर बसायचा. ऊन त्याला माहीत होतं ते समोरच्या फरशीवर सरकणाऱ्या पट्ट्यापुरतं. पण लोकांनी मनगटावर घड्याळ बांधणंच सोडलं, ज्यांनी सोडलं नव्हतं ते बिघडलेलं फेकून नवं घ्यायला लागले, आणि जिन्याखालची जागा मालकानं मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिली. जावई काम शोधत वणवण हिंडला. शेवटी लेकीनंच बापापुढे तोंड उघडलं.

"बाबा, ह्यांना तुमच्याकडे घ्याल? दुसरं काही मिळेपर्यंत."

"जावयाच्या हातात फावडं देऊ?"

"त्यात त्यांना कमीपणा नाही वाटत. पण ऊन सोसायचं नाही त्यांना, बाबा. जन्मात उन्हात उभे राहिलेले नाहीत. हळूहळू घ्या, एवढं करा."

"माझ्यावर सोड."

लेकीनं सोडलं. आई गेल्यापासून तिला बापानंच वाढवलं होतं. त्याच्यावर नाही सोडायचं तर कुणावर?

आणि इथे मामांची खरी गोची झाली. नव्या माणसाला अर्धं काम हा बाईंचा नियमच होता, त्या येऊन आठवणही करून गेल्या. खडी पसरणारा म्हातारा म्हणाला, "मामा, जावयाला पाणी वाटायला ठेवा की थोडे दिवस. कोण काय म्हणतंय?" खरंच कुणी काही म्हणालं नसतं. पण आयुष्यभर ज्या गोष्टींची टर उडवली त्याच आता घरच्या माणसासाठी मागायच्या कशा? लोकांच्या पोरांना भट्टी आणि स्वतःच्या जावयाला सावली, असं कुणाच्या मनात आलं तर? तोंडावरचं बोलणं मामा हसण्यावारी नेत, पण न बोललेलं त्यांना फार ऐकू येई. तेव्हा त्यांनी जावयाला उभं कुठे केलं, तर ट्रकमधून डांबर पडतं तिथेच, दाताळं हातात देऊन. मामा न्यायी माणूस. आपला न्याय लोकांना दिसावा म्हणून त्यांनी घरचंच माणूस पुढे केलं.

टोळी त्याला जावईबापूच म्हणू लागली. "जावईबापू, सावकाश, डांबराला चावी द्यायची नसते." "जावईबापू, रोलर बंद पडलाय, जरा भिंग लावून बघा." तो हसून घ्यायचा. त्याच्या नाजूक बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पहिल्या दिवशी त्यानं बाईंनी दिलेली टोपी घातली होती. दुसऱ्या दिवशी घातली नाही. पाण्याच्या पिंपाकडे वळला की त्याला मामांची नजर दिसायची. मामा काही बोलत नसत, जावयाला काय बोलणार? पण तो पिंपाकडे जाईनासा झाला.

संध्याकाळी लेक त्याच्या मानेवर ओलं फडकं ठेवायची. "जमत नसेल तर सोडा. काहीतरी दुसरं बघू."

"सगळ्यांचं असंच होतं म्हणे सुरुवातीला," तो म्हणायचा. "एकदा पक्का झालो की मग काळजी नाही. मामाच म्हणतात."

तिलाही ते ऐकून धीर यायचा.

त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. डांबराचा ट्रक उशिरा आला आणि नेमका माल पडायला लागला तेव्हाच घंटा वाजली. टोळीनं मामांकडे बघितलं. मामांनी हात हलवला. "डांबर थंड होईल. माणूस कुठे थंड होतोय?" सगळे हसले आणि फावडी पुन्हा चालू झाली. बाई पलीकडच्या टोकाला दुसऱ्या टोळीला सावलीत नेत होत्या. त्यांनी इकडे बघितलं, ओरडून काही सांगितलंही, पण ट्रकच्या आवाजात कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

सकाळपासून गप्प असलेला जावई आता एकाएकी बोलायला लागला. दाताळं उलटं धरून तो दांड्यानंच डांबर ओढत होता. रोलरकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, हे पुढे चाललंय. ह्याचा लंबक काढायला लागेल." जोरात हशा पिकला. घड्याळवाल्यानं घड्याळाचा विनोद केला, एवढंच सगळ्यांना वाटलं. जावईबापूंना रंग चढला म्हणाले. मामांनाही बरं वाटलं; जावई टोळीत मुरला, विनोद करायला लागला. मग त्यांचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. रोज पाठीला चिकटलेला असायचा, तो आज सुटा फडफडत होता. मामा मागून गेले. मानेवर तळहात ठेवला. मान तव्यासारखी तापलेली, आणि कोरडी ठणठणीत.

तेव्हा मामांना काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण पुढे त्यांना जाळलं ते त्यानंच. त्यांना आनंद झाला. निव्वळ, डोळ्यांत पाणी आणणारा आनंद. या मऊ हातांच्या माणसाबद्दल त्यांच्या मनात जी धास्ती होती ती गेली. लेकीला दिलेला शब्द पाळला असं त्यांना वाटलं.

"झाला!" हात उंच धरून ते ओरडले. "माझा जावई पक्का झाला रे!" आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मग त्याचे दोन्ही खांदे धरले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. "जिंकलास, पोरा!"

फावडी पडली. टाळ्या वाजल्या. रोलरवाल्यानं भोंगा दाबून धरला. जावई हसला, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा हसला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कपाळ खाली नेलं. नाटक संपल्यावर नट प्रेक्षकांपुढे वाकतो तसं करतोय असं वाटून टाळ्या आणखी वाढल्या. त्या थांबल्या तेव्हा तो कुशीवर पडला होता आणि त्याचे हातपाय झटके देत होते.

धावत आल्या त्या टोपीवाल्या बाई. त्यांनी अख्खं पिंप त्याच्यावर उपडं केलं, मांडवाची जाळी ओढून काढून त्याच्यावर धरायला लावली, मानेला आणि काखेत बर्फ लावला, गाडी बोलावली. हे करता करता विचारत होत्या, "घाम कधी थांबला ह्यांचा? कुणी बघितलं का? अरे, बोला ना कुणीतरी!" टोळी मामांकडे बघत होती. मामा आपल्या तळहाताकडे बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरनं बाहेर येऊन साध्या भाषेत सांगितलं. अंग तापलं की घाम त्याला निववतो. घाम थांबला म्हणजे शरीरानं हात टेकले. त्यानंतर माणूस आतून शिजत जातो, आधी डोकं जातं, मग बाकीचं. "अशा वेळी एकेक मिनिट महत्त्वाचं असतं," डॉक्टर म्हणाला आणि दुसऱ्या रोग्याकडे गेला. मामा बाकावर बसले. आजवर ज्यांच्या ज्यांच्या मानेवरून हात फिरवला ती माणसं त्यांना एकेक करून आठवायला लागली. भुसभुशीत विटा सगळ्या.

लेक आली, तिनं विचारलं, "बाबा, काय झालं?"

"ऊन लागलं," मामा म्हणाले. "एकाएकी पडले. कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

टोळीनंही तेच सांगितलं. त्यासाठी कुणाला पढवावं लागलं नाही. कंपनीचा साहेब चौकशीला आला, त्यानं मामांना विचारलं, "घंटा वाजली होती का?" मामा म्हणाले, "ट्रकचा आवाज होता, साहेब. त्यात काय ऐकू येणार?" हे वाक्य त्यांनी रात्रभर घोळवून तयार केलं होतं, उघड खोटंही नाही आणि खरं तर नाहीच नाही. साहेबाला तेवढं पुरलं. ठपका आला बाईंवर. ज्या एकट्या बाईनं त्या रस्त्यावर माणसांसाठी पाणी भरून ठेवलं, तिलाच हलगर्जी म्हणून घरी पाठवलं. जाताना त्या मामांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "नाकाची ती जखम दाखवून या, मामा," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या जागी कंपनीनं एक मोठा फलक लावला. त्यावर टोपी घातलेला एक कामगार पाणी पिताना हसतोय. मांडव पुन्हा कुणी घातला नाही.

जावई वाचला. म्हणजे घरी आला. चालताना झोकांड्या जायच्या, जीभ जड झाली होती, बोटं अशी थरथरायची की पाण्याचा पेला धरवत नसे. डोक्यातलं बरंचसं पुसलं गेलं होतं. सकाळचं दुपारी आठवत नसे, कधी कधी बायकोलाच विचारायचा, तुम्ही कुणाकडे आलात म्हणून. लेकीनं शिलाई मशीन खाटेशेजारी ओढून घेतलं आणि एक डोळा टाक्यावर, एक नवऱ्यावर ठेवून दिवस ढकलायला लागली. मामांनी काम सोडलं. लेकीच्या संसारासाठी एवढ्या मानाच्या जागेवर पाणी सोडलं म्हणून लोकांनी त्यांना नावाजलं. ते संध्याकाळी यायचे, भाजी ठेवायचे, जावयाशी डोळ्याला डोळा न देता थोडा वेळ बसायचे आणि निघायचे.

एका सकाळी लेक त्यांच्या दारात आली. आत न येताच तिनं विचारलं, "बाबा, ह्यांना कामावर पक्कं केलं होतं का?"

मामांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"दुपार झाली की बूट घालतात आणि गल्लीत जाऊन भर उन्हात उभे राहतात," लेक सांगत होती. "आत चला म्हटलं की म्हणतात, मी पक्का आहे, मला काही होत नाही, मामांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. मला वाटलं, कायम केलं असेल. म्हटलं, कायमच्या माणसाला असं वाऱ्यावर कसं सोडतात? म्हणून काल ठेकेदाराकडे गेले होते. तो म्हणाला, बापाला विचार."

"आजारी माणूस. काहीबाही बरळतो."

"बरळत नाहीत ते. बाकी सगळं विसरतात, पण हे रोज शब्दाला शब्द तेच. आणि सांगताना हसतात, बाबा. दवाखान्यातून आल्यापासून ते एवढ्या एका गोष्टीलाच हसतात." तिनं डोळे पुसले. "काल दारातच कोसळले. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा ऊन लागलं तर हाती लागणार नाहीत. मी काय दाराला कुलूप लावून बसू? माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

दुपारच्या आधी मामा गेले. खिडकीला जुनी चादर लावलेली होती तरी खोली तापली होती. लेक मशीनवर होती. जावई खाटेच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधायची धडपड करत होता. थरथरती बोटं नाडीपर्यंत पोचत, चुकत, पुन्हा पोचत. मामांना बघून त्याचा चेहरा खुलला.

"मामा आले! चला, निघायचं ना?"

"बसा, जावईबापू. आज नाही जायचं."

"का? मी पक्का आहे."

"ती थट्टा होती हो," मामा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"थट्टा कशी? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मला पोरा म्हणालात."

मशीन थांबलं. मामांनी वळून बघितलं नाही. जावई नाडी तशीच सोडून उठला, भिंतीला धरत दाराशी गेला आणि त्यानं कडीला हात घातला. दाराच्या फटीतून उन्हाची रेघ त्याच्या पावलांवर पडली होती. मामांकडे अजून एखादी थापही असेल. आयुष्यभर तोंडाला कधी कमी पडलं नव्हतं. पण कडी निघत होती.

"माझं चुकलं," मामा म्हणाले. त्या तोंडातून हे शब्द कधी निघालेच नव्हते, त्यामुळे घोगरे निघाले. "तुम्ही पक्के झाला नव्हता, जावईबापू. पक्कं असं कुणी होतच नसतं."

जावई थांबला. "मग मी काय झालो होतो?"

"मरत होता तुम्ही." आता थांबता येत नव्हतं. "घाम संपला होता तुमच्या अंगातला. मान भाजत होती, माझ्या हाताला चटका बसला, तरी मला कळलं नाही. घंटा झाली होती. बाईंनी वाजवली होती, मी ऐकली होती, मीच कुणाला जाऊ दिलं नाही. तुम्हाला सावलीत बसवलं तर लोक काय म्हणतील म्हणून पहिल्या दिवसापासून बसवलं नाही. तुम्ही मरत होता आणि मी टाळ्या वाजवत होतो. पहिली टाळी माझी."

जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, पण त्याला काही आधार उरला नव्हता. त्यानं बायकोकडे बघितलं. "खरं का गं?"

ती बापाकडे बघत होती. तो परत येऊन खाटेवर बसला. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, आणि मग आवाज न करता रडायला लागला. "मग ते सगळे इतके खूश का झाले होते?" त्यानं एकदा विचारलं. रडता रडताच त्याला झोप लागली. लेकीनं उठून त्याचे बूट काढले, मानेखाली उशी सारली, ओलं फडकं पिळून कपाळावर ठेवलं.

मामा वाट बघत होते. तिनं आरडाओरडा करावा, हाताला धरून बाहेर काढावं, काहीही करावं. तसं झालं असतं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं.

"तुला सांगणारच होतो," ते म्हणाले.

"कधी?"

मामा उठले, दाराशी गेले. मागून लेकीचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"उद्या दुपारच्या आत या."

"उद्या कशाला?"

"सकाळपर्यंत हे सगळं विसरलेले असतील. उठतील, बूट घालतील, तुमच्या टाळ्या आठवून हसतील. उद्या परत सांगायला लागेल."

"उद्या परत?"

"रोज," लेक म्हणाली. "माझ्यासमोर." आणि तिनं मशीन चालू केलं.